फीडरवरचे गोल्डफिंच अचानक जातात कुठे?

प्रश्न असा आहे: "आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. फेब्रुवारीत डेकवरच्या फीडरला वीस-पंचवीस गोल्डफिंच लटकलेले असायचे. मे महिना लागला आणि एकही दिसेना. जुलैत दोन-तीन पिवळेधमक नर आले, आता सप्टेंबरात पुन्हा शुकशुकाट. दाणे बदलून पाहिले, फीडर बदलला. शेजारी म्हणतात, हॉक फिरतोय म्हणून पळाले. आमचं काही चुकतंय का?"

ताई, गोल्डफिंच हा बी खाणारा छोटा पक्षी, आणि तुम्ही सांगितलेले महिने त्याच्या वर्षाशी इतके चपखल जुळतात की तुमचं फारसं काही चुकत नसावं, असंच मी म्हणेन. तरी दोन गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत, दाण्यांचा ताजेपणा आणि फीडरची स्वच्छता. त्यांच्याकडे पुढे येतो. आधी तो हॉक निकालात काढू.

फीडरवर आता कोण उरलंय ते बघा. चिकॅडी, टिटमाउस, कार्डिनल ही मंडळी नेहमीसारखी येत असतील आणि फक्त फिंच गायब असतील, तर हॉकचा संबंध नाही. कूपर्स हॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याच्याच घराण्यातला पक्षी, बागेत शिरला की सगळेच दडतात. एकदम सामसूम होते, एखादा पक्षी तर फांदीवर आहे त्या जागी पुतळ्यासारखा बसून राहतो. हॉक निघून गेला की तासाभरात वर्दळ सुरू होते. त्याने रोज फेरी मारायची सवय लावून घेतली तर दोन-चार दिवस शांतता राहते, त्यापुढे क्वचितच. महिनोन्महिने फक्त एकाच जातीचे पक्षी यायचे थांबले, तर कारण खाण्यात शोधायचं. पक्ष्यांचं काहीही बिनसलं की मी आधी हीच कसोटी लावतो, कारण "कोण गेलं" यापेक्षा "कोण राहिलं" यावरून जास्त कळतं.

चिकॅडी राहते आणि फिंच जातो, याचं कारण दोघांच्या जगण्याच्या पद्धतीत आहे. चिकॅडी ठरावीक परिसरात राहणारी. एकेक बी उचलून सालीच्या फटीत, शेवाळाखाली लपवते आणि नंतर नेमकी शोधून काढते. फिंच असं काही साठवत नाहीत आणि हिवाळ्यात स्वतःची हद्दही राखत नाहीत. ते थव्याने फिरतात आणि जिथे बी पिकलंय तिथे उतरतात. धनगर जसे चारा असेल तिकडे मेंढरं घेऊन जातात आणि चारा संपला की वाडा हलवतात, तसं यांचं चालतं. तुमचा फीडर त्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम आहे. घर म्हणून ते त्याच्याकडे पाहत नाहीत.

शिवाय फेब्रुवारीत तुम्हाला दिसलेले पंचवीस पक्षी रोज तेच पंचवीस नव्हते. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालणाऱ्या लोकांना हे पक्कं माहीत आहे. सकाळी कडं घातलेला पक्षी दुपारच्या थव्यात सापडतोच असं नाही, आणि एका वेळी वीस दिसतात तेव्हा दिवसभरात येऊन गेलेले त्याच्या कितीतरी पट असतात. त्यातले बरेच न्यू जर्सीतले नसतातच. उत्तरेकडे न्यू इंग्लंड, कॅनडा इथले पक्षी थंडीत खाली सरकलेले असतात आणि एप्रिल-मेमध्ये परत जातात. म्हणून मेमधली ती ओहोटी ठरलेलीच असते. त्याच सुमारास बाहेर एल्मच्या बिया गळतात, लॉनवर डँडेलायन म्हातारीसारखे पिंजारतात. लॉनवर औषध मारलेलं नसेल तर सकाळी बघा, गोल्डफिंच डँडेलायनच्या देठावर बसून त्याला वाकवतात आणि पिकलेल्या बोंडातून बी काढतात. ओली, कोवळी बी आयती मिळत असताना फीडरच्या नळीतले सुके दाणे कोण खाणार?

आता जुलै. इथले बहुतेक पक्षी तोपर्यंत पिल्लं उडवून मोकळे झालेले असतात. गोल्डफिंच मात्र तेव्हा कुठे घरटं बांधायला घेतो, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत. थिसल आणि मिल्कवीड या रानझुडपांना कापूस येईपर्यंत तो थांबतो. त्या कापसाचं अस्तर घरट्याला आतून लागतं आणि बीही भरपूर असते. घरट्याची वीण इतकी घट्ट की त्यात पाणी साठून राहू शकतं. मादी अंडी उबवते ते बारा-चौदा दिवस जवळजवळ हलत नाही, नर तिला तिथेच भरवतो. तुम्हाला जुलैत नुसते नर दिसले त्याचा अर्थ हा. माद्या जवळच कुठेतरी झुडपात अंड्यांवर बसलेल्या होत्या.

या पक्ष्याची आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बहुतेक बी खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्या भरवतात. गोल्डफिंच पिल्लांनाही जवळजवळ निव्वळ बीच भरवतो, पोटात मऊ करून, ओकून. काउबर्ड नावाचा पक्षी कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकतो. गोल्डफिंचच्या घरट्यात टाकलं तर पिल्लू बाहेर येतं, पण त्या आहारावर तीन दिवसांपुढे सहसा जगत नाही. इतका हा पक्षी बीवर अवलंबून आहे, आणि त्याच्या येण्या-जाण्याचं बरंचसं उत्तर यातच आहे.

सप्टेंबरचा शुकशुकाट तर दरवर्षी ठरलेला. या दिवसांत थिसल, गोल्डनरॉड, सूर्यफूल, कोनफ्लॉवर, रस्त्याकडेचं रानगवत, सगळं एकदम पिकतं. रिकामा प्लॉट, हायवेच्या कडेची पट्टी, शाळेमागचं न कापलेलं मैदान, जिथे कुठे रान माजलंय तिथे एक चक्कर मारा. तुमचे गोल्डफिंच तिथे सापडण्याची दाट शक्यता आहे. ओळखायला आवाज पुरेसा आहे. हेलकावे घेत उडताना ते चार तुटक सूर काढतात, इथले लोक तो आवाज "पो-टे-टो-चिप" असा लक्षात ठेवतात. ऑगस्टच्या शेवटापासून आईबापांच्या मागे लागलेली पिल्लंही ऐकू येतील, "चिप-पी, चिप-पी" करत सतत खायला मागणारी.

एक शंका मी मुद्दाम मांडतो, कारण शरद ऋतूत हा घोटाळा हमखास होतो. पक्षी गेलेलेच नसतात, रंग बदललेला असतो. गोल्डफिंच वर्षातून दोनदा पिसं बदलतो. वसंतात अंगावरची पिसं बदलून नर लिंबासारखा पिवळा होतो आणि कपाळावर काळी टोपी चढते. उन्हाळा संपताना सगळीच पिसं झडून नवी येतात आणि तो मातकट, ऑलिव्ह छटेचा होतो. उरतात ते फक्त काळे पंख आणि त्यावरचे फिकट पट्टे. सप्टेंबर-ऑक्टोबरात फीडरवर "कुठलीतरी चिमणी" दिसली तर पंख बघा. काळ्या पंखावर पांढरट पट्टे आणि बारीक टोकदार चोच असेल, तर तो तुमचाच गोल्डफिंच.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. तुम्ही नायजर, म्हणजे दुकानात "थिसल सीड" म्हणूनही विकतात ती बारीक काळी बी घालत असाल. तिचा थिसलशी काही संबंध नाही. ती आपली कारळी आहे, नाशिक-नंदुरबारच्या डोंगरउतारावर, वरकस जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरला पिवळी फुलतात तीच. आपण ती भाजून चटणी करतो, इथे ती फिंचना घालतात. अमेरिकेत कारळं पिकत नाही म्हटलं तरी चालेल. भारत, इथिओपिया अशा देशांतून ते बोटीने येतं. बरोबर अमरवेलीचं आणि इतर त्रासदायक तणांचं बी येऊ नये म्हणून ते १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं तापवूनच आत घ्यायचा इथल्या कृषी खात्याचा नियम आहे. त्यामुळे फीडरखाली सांडलेलं सहसा उगवत नाही.

आता अडचण कुठे येते ते बघा. कारळ्यात ३५ ते ४० टक्के तेल असतं आणि साल पातळ असतं. शेतातून गोदामात, बोटीवर, पुन्हा गोदामात आणि मग दुकानाच्या फळीवर, असा प्रवास होऊन बी तुमच्या हातात पडते तेव्हा ती किती जुनी आहे हे पिशवीवरून कळत नाही. तेल उडालेलं, खवट झालेलं कारळं आपण चटणीला घेणार नाही. फिंचही घेत नाहीत, आणि या बाबतीत ते फार चोखंदळ आहेत. पारख सोपी आहे. चिमूटभर कारळी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने दाबून रगडा. ताजी असेल तर कागदावर तेलाचा डाग उमटतो आणि नाकाला तो ओळखीचा, किंचित कडवट-खमंग वास येतो. जुनी असेल तर नुसता कोरडा भुगा होतो. भुगा झाला की पूर्ण पिशवी फेकून द्या, मिसळून संपवायचा प्रयत्न करू नका. वासाच्या बाबतीत अमेरिकन शेजाऱ्यांपेक्षा आपलं नाक जास्त तयार आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

फीडरमध्ये भरलेलं कारळंही तीन-चार आठवड्यांपुढे ठेवू नये. पावसानंतर नळीच्या तळाशी ओला गोळा होतो, त्याला बुरशी येते, आणि वरचं बी चांगलं दिसत असलं तरी पक्षी येत नाहीत. तळाचा दट्ट्या काढून आत बोट फिरवून बघा. कापडी सॉक, म्हणजे दाणे भरून टांगायची पिशवी, वापरत असाल तर तो पावसात तर फारच लवकर खराब होतो. मोठी स्वस्त पिशवी घेण्यापेक्षा जिथे खप जास्त आहे अशा दुकानातून लहान पिशवी घ्यावी आणि घरात थंड, कोरड्या जागी ठेवावी. माझं स्वतःचं मत विचाराल तर कारळ्याच्या जोडीला सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांचे तुकडे ठेवाच. गोल्डफिंच ते कारळ्याइतक्याच, किंबहुना जास्तच आवडीने खातात. एक पडताळाही होतो. सूर्यफूल संपतंय आणि कारळं तसंच पडून आहे, तर कारळं शिळं. दोन्हीला तोंड लागत नाही, तर बाहेर रानात सुगी आहे.

स्वच्छतेबद्दल मात्र मी आग्रहानेच बोलणार. फीडरवर शेकडो पक्षी एकाच भोकात चोच घालतात, तेव्हा आजार पसरायला वेळ लागत नाही. हाउस फिंचची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा मुळात पश्चिमेकडचा पक्षी. न्यूयॉर्कची दुकानं तो "हॉलिवुड फिंच" म्हणून पिंजऱ्यात विकायची. ते बेकायदा होतं. १९४० च्या सुमारास कारवाईच्या भीतीने विक्रेत्यांनी लाँग आयलंडवर पक्षी सोडून दिले आणि त्यांच्यापासून सगळ्या पूर्व किनाऱ्यावर ही जात पसरली. मग १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन डीसीच्या आसपास डोळे सुजलेले हाउस फिंच दिसायला लागले. कोंबड्यांमध्ये आढळणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू त्यांच्यात शिरला होता. काही वर्षांत पूर्वेकडची त्यांची संख्या खूपच घटली, काही भागांत निम्म्यावर आली. हा आजार अजून आहे. डोळ्याभोवती लाल सूज, खपली, पाणी, आणि माणूस जवळ गेला तरी न उडणारा, फीडरला चिकटून बसलेला पक्षी ही त्याची खूण. त्याला दिसत नसतं म्हणून तो हलत नाही, आणि ज्या भोकापाशी तो डोळा घासतो तिथेच पुढचा पक्षी तोंड घालतो. गोल्डफिंचलाही ही लागण होते.

असा एक जरी पक्षी दिसला तरी फीडर त्याच दिवशी उतरवा आणि निदान दोन आठवडे लावू नका. दाणे टाकून द्या. फीडर साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून, खळखळून धुवून, पूर्ण वाळवा. एरवीही दर दोन आठवड्यांनी हेच करावं. खालची टरफलं झाडून काढावीत. हे काम सिंकमध्ये, भांड्यांच्या शेजारी करू नका आणि नंतर हात नीट धुवा. २०२१ मध्ये पाइन सिस्किन या छोट्या फिंचमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली, पश्चिमेकडच्या राज्यांत लोकांना फीडर उतरवायला सांगावं लागलं, आणि त्या साथीचा माणसांनाही उपद्रव झाला. सरकारी आरोग्य यंत्रणेच्या नोंदीत १२ राज्यांतले २९ रुग्ण होते.

सिस्किनचं नाव निघालंच आहे तर फिंचच्या येण्या-जाण्याचा सगळ्यात मोठा भाग सांगतो, जो तुम्हाला पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत बघायला मिळू शकेल. उत्तरेला कॅनडात स्प्रूस, बर्च, हेमलॉक यांची अफाट जंगलं आहेत. ही झाडं दरवर्षी सारखं बी धरत नाहीत. एखाद्या वर्षी शेकडो मैलांच्या पट्ट्यात सगळी झाडं एकदम लगडतात, आणि पुढची एक-दोन वर्षं जवळजवळ कोरडी जातात. आपल्याकडे आंब्याचं एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष खाडं जातं, ते तुम्ही पाहिलेलं असेलच. इथे मात्र ते जंगलभर एकाच वेळी घडतं. लगडलेल्या वर्षी सिस्किन, रेडपोल, पर्पल फिंच उत्तरेलाच राहतात. आदल्या भरघोस वर्षात पिल्लं भरपूर झालेली आणि यंदा बी नाही, असं जमून आलं की ते लाटेसारखे दक्षिणेला उतरतात. २०२० च्या शरदात तसंच झालं. न्यू जर्सीतच काय, त्याच्याही कितीतरी खाली सिस्किनचे थवे पोचले, आणि एरवी उत्तरेतच राहणारा धिप्पाड पिवळा इव्हनिंग ग्रोसबीकही लोकांच्या फीडरवर आला. त्या वर्षी ज्यांनी पहिल्यांदा फीडर लावला, त्यांना पुढच्या हिवाळ्यात वाटलं की आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं, उत्तरेला बी पिकलं होतं.

याचा अंदाज आधी बांधता येतो. ओंटारिओतले पक्षीअभ्यासक रॉन पिटावे यांनी १९९९ मध्ये जंगलात फिरणाऱ्या लोकांकडून कुठल्या झाडाला किती बी आहे याची माहिती गोळा करून "विंटर फिंच फोरकास्ट" लिहायला सुरुवात केली. २०२० पासून ते काम टायलर होर करतात. सप्टेंबरच्या सुमारास हा अंदाज प्रसिद्ध होतो. स्प्रूस आणि बर्चबद्दल तो काय म्हणतो एवढं वाचलं तरी यंदा सिस्किनसाठी जास्तीचे दाणे घ्यायचे की नाही ते ठरवता येतं. बहुतेक लोक आधी पोतं आणतात आणि मग पक्ष्यांची वाट बघतात.

तुम्ही दाणे थांबवले तर पक्षी उपाशी मरतील ही भीती बाळगू नका. विस्कॉन्सिनमध्ये चिकॅडीवर झालेल्या एका जुन्या अभ्यासात, फीडर हाताशी असूनही त्या आपल्या गरजेचा साधारण पाचवा हिस्साच तिथून घेत होत्या असं दिसलं. फिंच तर त्यांच्याहून जास्त फिरस्ते. कडाक्याच्या हिमवादळात मात्र फीडर भरलेला असावा, तेव्हा रानातलं सगळं बर्फाखाली जातं आणि अंधार पडण्याआधीच्या तासाभरात फीडरवर झुंबड उडते.

तर यंदा असं करा. कोनफ्लॉवर आणि सूर्यफुलाची वाळलेली बोंडं शरदात छाटू नका, मार्चपर्यंत उभी राहू द्या. घरमालक संघटना कुरकुर करत असेल तर निदान मागच्या बाजूची ठेवा. बागेत किंवा शेजारी स्वीटगमचं झाड असेल तर थंडीत त्याच्या काटेरी गोळ्यांवर उलटे लटकलेले गोल्डफिंच बघायला विसरू नका. फीडर खिडकीच्या काचेपासून एक तर तीन फुटांच्या आत हवा, नाही तर तीस फुटांपलीकडे. मधल्या अंतरावर पक्षी वेगात येऊन काचेवर आपटतात. आत्ता सप्टेंबरात नळी पूर्ण भरू नका, बोटभर कारळं पुरे. तुम्ही मिडलसेक्सला आहात म्हणून हे चालेल. उत्तरेकडच्या ससेक्स, वॉरन, मॉरिस काउंटीत अस्वलं फीडरवर येतात, तिथे राहणाऱ्यांनी मात्र ती हिवाळ्यात झोपेपर्यंत फीडर लावूच नये.

नोव्हेंबरपासून कॉर्नेल विद्यापीठ आणि बर्ड्स कॅनडा या संस्थेचं "प्रोजेक्ट फीडरवॉच" सुरू होतं, एप्रिलपर्यंत चालतं. आपल्या फीडरवरचे पक्षी मोजून कळवायचे, असा हा उपक्रम. थोडी वर्गणी भरून त्यात नाव घाला. सिस्किनच्या लाटा आणि हवामान यांचा संबंध दाखवणारा २०१५ चा अभ्यास घरोघरच्या अशाच नोंदींवर उभा राहिला. मोजायची रीत सोपी आहे. त्या जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहायचे, दिवसभराची बेरीज करायची नाही, नाही तर तोच पक्षी चार वेळा मोजला जातो. ज्या दिवशी एकही आला नाही, त्या दिवसाचं शून्यही पाठवायचं.